पाणी आधी, फळी नंतर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

खडकवासल्यातून पाणी सोडले, की पुण्याची माणसे भिडे पुलाकडे निघतात. मी शनिवार पेठेत राहतो, त्यामुळे मला तितकेही चालावे लागत नाही. ओंकारेश्वराच्या मागे किंवा नेने घाटाशी उभे राहिले, तरी तांबूस पाणी दुथडी भरून चाललेले दिसते. तिथे जमलेल्या गर्दीत गेली काही वर्षे एक नवा उद्गार ऐकू येतो. वीस-बावीस वर्षांचा कुणी मुलगा मित्राला म्हणतो, "यात बोर्ड टाकून उभं राहायला काय धमाल येईल!"

त्या मुलाच्या मनात काय असते, ते मला ठाऊक आहे. त्याने मोबाईलवर हवाई बेटांची चित्रफीत पाहिलेली असते. दोन-तीन मजली घराएवढी लाट उठते. तिच्या उतारावरून एक माणूस फळीवर ताठ उभा राहून, हातात लांब वल्हे घेऊन खाली येतो. या खेळाला 'स्टँड-अप पॅडल सर्फिंग' म्हणतात. आपल्याकडे तारकर्लीला, गोव्याला आणि पुण्याजवळ पवना धरणाच्या पाण्यावरही आता अशा फळ्या दिसतात. लाट नसली तरी उभ्याने वल्हवत फिरता येते, आणि त्यात आनंदही पुष्कळ आहे.

पण पाहणाऱ्याला माणूस दिसतो, लाट दिसते. फळी दिसत नाही. सगळ्या फळ्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात त्या माणसाच्या जिवाचा निम्मा हिशेब त्या फळीत मांडलेला असतो. कोणत्या पाण्यावर काय घेऊन जायचे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे, आणि त्याचे उत्तर दर वेळी पाण्याकडूनच घ्यावे लागले आहे. आज त्या उत्तरांचा थोडा इतिहास सांगतो. तो हवाईत सुरू होतो आणि आपल्या कृष्णा-मुठेपर्यंत येतो.

कॅप्टन जेम्स कुक हवाईत मारला गेला तो १७७९ साली. त्याच्या मोहिमेतला एक अधिकारी जेम्स किंग याने त्याच वर्षी तिथल्या लोकांचा लाटांवरचा खेळ पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. समुद्र खवळला, की युरोपचे खलाशी किनाऱ्याला परतत. इथली माणसे मात्र त्याच वेळी फळ्या घेऊन पाण्यात शिरत. याचा त्या गोऱ्या दर्यावर्दींना अचंबा वाटला. हवाईच्या भाषेत या खेळाला 'हेए नालु' म्हणतात. अर्थ साधा, लाटेवरून घसरणे.

पण हे लोक हाताला येईल ती फळी घेऊन जात नसत. त्यांच्याकडे तिचे प्रकार होते. 'अलाइया' ही पातळ आणि आटोपशीर फळी. किनाऱ्याजवळ जी लाट एकदम उभी राहते आणि फुटते, तिच्यासाठी ती. 'ओलो' ही लांबच लांब, जाड फळी. दूरवरून गोल पाठीने येणारी, लवकर न फुटणारी लाट पकडायची असेल तर ओलो हवी. ती सरदार-राजांचा मान समजली जाई. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पाकी नावाच्या सरदाराच्या अशा जुन्या फळ्या आहेत. त्या पंधरा-सोळा फुटांच्या घरातल्या आहेत. म्हणजे आजच्या दुकानदाराने 'ही छोट्या लाटेची, ही मोठ्या लाटेची' म्हणून ज्या फळ्या वेगळ्या मांडल्या आहेत, ती वाटणी हवाईच्या माणसाने फार पूर्वीच करून ठेवली होती.

आता गंमत पाहा. ओलो फळीसाठी ज्या झाडाचे लाकूड नावाजले गेले, त्याचे नाव 'विलिविली'. हलके, सच्छिद्र, पाण्यावर सहज तरंगणारे. जाळ्यांचे तरंग आणि नावेचा बाजूचा तरंगता दांडाही तिथले लोक याच लाकडाचा करत. वनस्पतिशास्त्रात या झाडाचे कूळ एरिथ्रिना. आणि आपला पांगारा? तोही एरिथ्रिना. फाल्गुनात पाने झडलेल्या काटेरी फांद्यांवर लालभडक तुरे येतात, तोच आपल्या बांधावरचा पांगारा. ही दोन झाडे सख्खी नसली, तरी चुलत भावंडे आहेत.

महाराष्ट्रात ज्यांचे बालपण विहिरीच्या काठी गेले, त्यांना पांगाऱ्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधत, पत्र्याचा बंद डबा बांधत, नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधत. कृष्णाकाठी माझ्या आजोळी मामूंनी मला असाच ओंडका बांधून विहिरीत सोडले होते. ओंडका निवडताना ते आधी माझ्याकडे पाहत, मग विहिरीकडे. थोरल्या मामेभावाचा ओंडका वेगळा, माझा वेगळा. पोर जसजसे तयार होई, तसतसा ओंडका लहान होत जाई, आणि एके दिवशी तो बांधायचाच राहून जाई. हवाईचे राजे ज्या कुळातल्या लाकडावर उभे राहून लाटा कापत होते, त्याच कुळातल्या लाकडाच्या भरवशावर आमच्याकडची पोरे हात-पाय मारायला शिकत होती. मोठ्या माणसांचा नियमही दोन्हीकडे एकच होता. आधी पाणी पाहा, मग माणूस पाहा, आणि त्यानंतर लाकूड निवडा.

हवाईत पुढे हा खेळ जवळजवळ विझला. १८२० साली अमेरिकेतून मिशनरी आले. उघड्या अंगाने लाटांवर खेळणे त्यांना पटण्यासारखे नव्हते. त्याहून मोठा घाला रोगराईचा. बाहेरून आलेल्या साथींनी बेटांवरची वस्ती झपाट्याने घटली. खेळणारी माणसेच राहिली नाहीत, तर खेळ कुठून राहणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकिकीच्या किनाऱ्यावर तो पुन्हा तग धरू लागला. १९०८ साली तिथे जो क्लब निघाला, त्याचे नाव 'आउटरिगर कनू क्लब'. याच किनाऱ्यावर वाढलेला ड्यूक कहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात पहिला आला आणि त्याने हा खेळ जगभर नेला.

'आउटरिगर' या शब्दापाशी मी थोडा थांबतो, कारण या वस्तूला आपल्या कोकणात स्वतःचे नाव आहे. अरुंद होडी उलटू नये म्हणून तिच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, दोन आडव्या वाशांना एक तरंगता दांडा बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या किनाऱ्यावर उलांडीची होडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. प्रशांत महासागरातले बेटकरी आणि आमचे मच्छीमार एकाच युक्तीने आपली नाव सावरत होते. ही युक्ती कुठून कुठे गेली, यावर जेम्स हॉर्नेल नावाच्या अभ्यासकाने १९२० च्या सुमारास पुष्कळ लिहिले. त्या वादात मला शिरायचे नाही. उलांडी काय सांगते, ते मात्र पाहण्यासारखे आहे. अरुंद नाव वेगाने जाते, पण डळमळते. रुंद नाव डळमळत नाही, पण जड चालते. वेग आणि तोल दोन्ही हवे असतील, तर कुठेतरी काहीतरी जोडावे लागते. आजची फळी घडवणारे कारागीरही याच पेचाशी झुंजत असतात.

पाण्याला विचारून नाव निवडण्याचा आपल्या इतिहासातला सगळ्यात बोलका दाखला मला खांदेरीचा वाटतो. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या दक्षिणेला असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांना ते खुपले. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण ती चालणार वाऱ्यावर, आणि त्यांना खोल पाणी हवे. मराठ्यांची गलबते लहान, उथळ तळाची. वारा पडला की वल्ह्यांवर चालत. रात्रीच्या अंधारात ती उथळ पाण्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमाराने हल्ला केला आणि इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब पकडले. 'रिव्हेंज' या त्यांच्या मोठ्या जहाजाने मात्र नेट धरला आणि मराठी नावांना मागे रेटले, हेही सांगायला हवे. उघड्या, खोल पाण्यात मोठे जहाज भारी पडले. पण बेटाभोवतीचे पाणी मराठ्यांच्या नावांचे होते. अखेर इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत ती आहे.

जाता जाता, मी शब्दांचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. नाखवा हा शब्द फारसीतल्या नाखुदाचा. दर्या फारसी. खलाशी आणि सुकाणू अरबी. होडी, वल्हे, डोलकाठी आपली देशी. किनाऱ्यावरच्या माणसाने कधी शब्दाची जात विचारली नाही. जो शब्द पाण्यात उपयोगी पडला, तो त्याने नावेत घेतला. नाव निवडतानाही त्याची रीत हीच होती.

कोकण सोडून पूर्व किनाऱ्यावर गेलो, तर चित्र पालटते. मद्रासच्या किनाऱ्याला आडोसा नाही. लाटा सरळ वाळूवर येऊन आपटतात. अशा फुटत्या लाटांतून बाहेर समुद्रात जायचे कसे? तिथल्या कोळ्यांनी काढलेले उत्तर म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे काही ओंडके दोरांनी एकत्र बांधायचे, बस्स. याला कडा नाहीत, पोट नाही, त्यामुळे आत पाणी भरून बुडण्याचा प्रश्नच नाही. लाट अंगावर आली तर ओंडक्यांवरून आणि फटींतून निघून जाते. कोळी त्यावर गुडघे टेकून किंवा उभा राहून वल्हवतो. परतल्यावर दोर सोडून ओंडके वाळत घालायचे. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द इथूनच गेला. फुटणाऱ्या लाटेत, लाकडावर उभे राहून, वल्हे मारत जाणारा माणूस वायकिकीच्या कितीतरी आधी कोरोमंडल किनाऱ्यावर रोज पहाटे दिसत होता. फक्त तो त्याला खेळ म्हणत नव्हता. ती त्याची भाकरी होती. गेल्या काही दशकांत, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तर अधिकच, ओंडक्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली. आणि त्याच चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळीवाड्यांतून आज लाटांवर स्वार होणारे भारताचे नामवंत खेळाडू पुढे येत आहेत. हा योगायोग नव्हे. त्यांचे पाय ते पाणी आधीपासून ओळखत होते.

आता वल्हे हाती घेऊन उभे राहण्याचा आजचा खेळ कसा जन्मला, ते पाहू. वायकिकीला पर्यटक वाढले, तसे त्यांना शिकवणारे स्थानिक तरुणही वाढले. पाण्यात आडवे पडून शिष्यांवर लक्ष ठेवता येत नाही. म्हणून त्यांच्यातले काही जण मोठ्या फळीवर उभे राहून नावेच्या वल्ह्याने फिरत. दुरून येणारी लाट दिसे, शिष्य दिसत, गळ्यातल्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटोही काढता येत. पुष्कळ वर्षे हा प्रकार तिथल्यापुरताच राहिला. १९९० च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या दोघांनी माउई बेटावर तो पुन्हा हाती घेतला, आणि पुढे उभ्याने वल्हवत मोठ्या लाटांवरही जाऊ लागले. त्यानंतर वीस वर्षांत हा खेळ जगभर पसरला. २०१२ साली पेरू देशात त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. भारतात कर्नाटकातल्या मुल्कीला आणि तमिळनाडूतल्या कोवलमला तो रुजला.

आता फळी कशी निवडायची? यातले गणित शाळेतल्या आर्किमिडीजचे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे फळीचे आकारमान जितके लिटर, साधारण तितके किलो वजन ती पाण्यावर धरू शकते. माणूस सत्तर किलोचा, फळी दहा किलोची; म्हणजे ऐंशी लिटरची फळी त्याला कसाबसा पाण्याच्या पातळीवर धरील. उभे राहून वल्हवायला त्याहून बरेच जास्त हवे. म्हणून नवख्याला दीडशे लिटरांहून मोठी, दहा-अकरा फूट लांब आणि बत्तीस इंचांच्या आसपास रुंद फळी देतात. ती संथ पाण्यावर ओट्यासारखी स्थिर राहते. आजकाल हवा भरून फुगवायच्या फळ्या मिळतात. धरणाच्या पाण्यावर त्या उत्तम. घडी करून पाठीवर नेता येतात.

पण हीच ओट्यासारखी फळी घेऊन लाटेत गेलात, तर ती तुमचे ऐकणार नाही. लाटेवर वळण घ्यायचे तर फळी आखूड, अरुंद, कडा धारदार हव्यात. म्हणून साध्या लाटेसाठी आठ-नऊ फुटांची, कमी आकारमानाची फळी घेतात. तिच्यावर तोल राखणे अवघड, पण ती वळते. वल्ह्याचेही तसेच. संथ पाण्यासाठी ते आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब असावे. लाटेसाठी त्याहून चार बोटे कमी, कारण तिथे गुडघे वाकवून खाली बसावे लागते.

मग मोठ्या लाटेला आणखी आखूड फळी लागत असेल, असे वाटेल. इथे पाणी आपल्याला चकवते. मोठी लाट नुसती उंच नसते. ती वेगवान असते. उघड्या, खोल समुद्रात पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ताशी ऐंशी किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. किनाऱ्याजवळ तळ वर आला, की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि ती फुटते. तरीही वीस फुटांची लाट फुटताना तिचा वेग माणसाच्या वल्हवण्याच्या कितीतरी पट असतो. ती पकडायची तर आधीपासूनच वेग घ्यावा लागतो, आणि वेग लांबीतून येतो. म्हणून मोठ्या लाटेची फळी पुन्हा लांब होते, दहा फुटांच्या आसपास. पण रुंद नव्हे. शेपटीकडे ती निमुळती होत टोकदार बनते, म्हणजे त्या वेगात ती पाण्याला धरून राहते, घसरत नाही. खाली पाण्यात जाणारे पर भक्कम लागतात. वजनही थोडे ठेवतात. फार हलकी फळी लाटेच्या तोंडावरच्या वाऱ्याने उडते. फुगवलेली फळी इथे चालत नाही, कारण त्या ताणाखाली ती वाकते. अलाइया आणि ओलो यांतला फरक हवाईच्या लोकांनी ज्या अनुभवाने ओळखला होता, तो आज गणिताने मांडता येतो, इतकेच.

आपल्या कोकण किनाऱ्यावर अशा लाटा सहसा नसतात. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरवर उथळ आहे. लांबून येणाऱ्या लाटेची शक्ती त्या तळावर घासून कमी होते. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पण त्या लाटा वाऱ्याने विस्कटलेल्या असतात. त्यांना चाल नसते. म्हणून तर कोळी जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. त्या दोन महिन्यांत जाऊ नये, हे त्यांना पाण्यानेच शिकवले. निवडीत 'आज काहीच नको' हीसुद्धा एक निवड असते.

आता भिडे पुलाकडे पाहणाऱ्या त्या मुलाकडे वळतो. त्याला वाटते, मोठे पाणी म्हणजे मोठे पाणी. समुद्राचे काय, नदीचे काय. इथेच धोका आहे. समुद्राची लाट येते आणि जाते. दोन लाटांच्या मधे श्वास घ्यायला जागा असते. पुराला ही जागा नाही. तो सतत एकाच दिशेला ओढतो. त्याच्या पोटात झाडे, तारा, पुलांचे खांब असतात. बुडालेल्या बंधाऱ्यावरून किंवा पुलावरून पाणी पडते, तिथे खाली ते गोल फिरत राहते आणि तरंगती वस्तूही पुन्हा पुन्हा आत ओढते. समुद्रात फळी हातची जाऊ नये म्हणून घोट्याला दोरी बांधतात. तीच दोरी पाण्यातल्या फांदीत अडकली, तर वाहत्या नदीत माणसाचा जीव घेते. म्हणून नदीत दोरी घोट्याला बांधत नाहीत. कमरेला असा पट्टा लावतात, की एका ओढीत तो सुटावा. समुद्रातला तारणहार नदीत वैरी होतो. असा फरक चित्रफितीत दिसत नाही.

पुण्याने हा फरक भोगला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्यामागोमाग खडकवासल्याचे जुने दगडी धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. पेशवाईत ते शनिवार झाले. नाव कोणतेही असो, नदीचा शेजार तोच होता, आणि त्या दिवशी शेजारीण घरात आली. त्यानंतर खडकवासल्याच्या वर पानशेत पुन्हा उभे राहिले, वरसगाव आणि टेमघर बांधले गेले. शहराला पाणी मिळाले. पण वर्षाचे आठ महिने मुठा ओढ्याएवढी उरली, आणि त्यात सांडपाणी मिसळले. घाटावरून उडी मारणारी पोरे घाटावरून निघून गेली. आज या शहरात पोहणे म्हणजे निळ्या फरशीच्या तलावात, शिट्टीच्या तालावर पोहणे. त्या तलावाचे पाणी ओढत नाही, भोवरा करत नाही, गढूळ होत नाही. ते पाणी माणसाला पोहायला शिकवते, पाणी वाचायला शिकवत नाही. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांची रेगाटा पाहायला पुणेकर गर्दी करतात. पण एका बोट क्लबाने आख्ख्या शहराची नदीशी ओळख टिकत नाही.

ही ओळख तुटली, की काय होते? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी एक बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. घाबरलेल्या माणसाला 'तू पुढच्या फेरीला ये' असे सांगणे किती कठीण असते, हे मला कळते. घरात पाणी शिरलेले, कडेवर मूल असलेले, अशा माणसांना दोष देण्याची माझी छाती नाही. पण आर्किमिडीजला दया नाही. बोट जितके किलो धरते तितकेच धरते. २५ जुलै २०२४ ला आपल्या सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले आणि लोकांना बोटींतून काढावे लागले. तेव्हा हा प्रश्न कृष्णाकाठचा उरला नाही. आपल्या जिन्यापर्यंत आला.

म्हणून मला वाटते, फळीवर उभे राहायला निघालेल्या तरुणांना हसू नये आणि अडवूही नये. ही हौस आपल्या कामाची आहे. जो मुलगा पवनेच्या संथ पाण्यावर महिनाभर तोल सांभाळतो, त्याला आपले वजन कळते, फळीची ताकद कळते, वारा कळतो. पुढे तो तारकर्लीला किंवा मुल्कीला जाऊन छोट्या लाटेत पडतो, आणि मग त्याला लाटेच्या दोन श्वासांमधली जागा कळते. एवढे कळलेला मुलगा पूर आल्यावर पुलावर उभा राहून 'धमाल येईल' म्हणत नाही. तो काठावरच्या माणसांना मागे सारतो आणि बोटीत बसणाऱ्यांची डोकी मोजतो. गावाला अशी चार मुले हवी असतात.

फळी घ्यायला दुकानात जाल, तेव्हा दुकानदार तुम्हाला रंग दाखवील, कंपनी सांगेल, किंमत सांगेल. तुम्ही आधी तीन गोष्टी सांगा. माझे वजन इतके आहे. मला अजून इतकेच येते. आणि मी या अमुक पाण्यावर जाणार आहे. यातली तिसरी गोष्ट ज्याने विचारलीच नाही, त्याच्याकडून फळी घेऊ नका. आणि तिसऱ्या गोष्टीचे उत्तर तुम्हालाच ठाऊक नसेल, तर त्या दिवशी फळी घेऊच नका. आधी एक सकाळ त्या पाण्याच्या काठी जाऊन बसा. तिथल्या नाखव्याला विचारा, भरती केव्हा, ओढ कुठून, कोणत्या महिन्यात इथे कुणी उतरत नाही. तो जे सांगेल, ते कोणत्याही फळीवर छापलेले नसते.